शहर की माणसांची वखार?

९ जून २०२५. सोमवारची सकाळ, कामाच्या आठवड्याचा पहिला दिवस. मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल गाड्या समोरासमोरून एकमेकींना ओलांडून गेल्या आणि दोन्ही गाड्यांच्या दारांत लोंबकळणारी माणसे एकमेकांवर घासून रुळांवर कोसळली. चार जणांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. त्यानंतर काय घडले, ते सर्वांना पाठ आहे. वाहिन्यांवर चर्चा झाल्या, मंत्र्यांनी शोक व्यक्त केला, चौकशी जाहीर झाली आणि मंगळवारी सकाळी त्याच वळणावरून त्याच गर्दीच्या गाड्या तशाच धावल्या. इंग्रजी वर्तमानपत्रांनी या पूर्वपदावर येण्याला पुन्हा एकदा 'मुंबईचे स्पिरिट' असे नाव दिले.

या शब्दाइतका निर्दय शब्द अलीकडच्या काळात दुसरा रूढ झालेला नाही. घरभाडे, मुलांचे शुल्क आणि बँकेचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कामावर जाण्यावाचून गत्यंतर नसते. त्याच्या अगतिकतेला जिद्द म्हणायचे आणि आपली जबाबदारी झटकायची, असा हा सोयीस्कर व्यवहार आहे. मुंबईच्या उपनगरीय रेल्वेवर २०२३ मध्ये २,५९० आणि २०२४ मध्ये २,४६८ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दिवसाला सहाहून अधिक. एखाद्या सीमेवर वर्षभरात एवढी माणसे पडली असती, तर संसदेचे विशेष अधिवेशन बोलावले गेले असते. रुळांवर पडणारी माणसे मात्र स्थानकाच्या नोंदवहीतील एक ओळ होऊन राहतात. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, प्रवाशांना गुरांसारखा प्रवास करावा लागतो ही लाजिरवाणी बाब आहे, अशा शब्दांत रेल्वेला खडसावले. त्यानंतर वर्षभराच्या आतच मुंब्र्याची घटना घडली.

प्रश्न गाड्यांच्या संख्येचा आहे, असे सांगितले जाते. तो तेवढाच असता तर कधीच सुटला असता. ठाणे-दिवा दरम्यानची पाचवी-सहावी मार्गिका अनेक वर्षे रखडून अखेर फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली, तरी दारांतील लोंबकळणे संपले नाही. मूळ प्रश्न वेगळाच आहे. एवढ्या लाखो माणसांनी रोज पहाटे घर सोडून पन्नास किलोमीटर दूर का जायचे, हा प्रश्न विचारण्याचे धाडस कोणी करीत नाही.

कल्याण कोणाचे होते?

कल्याण हे काही लोकलमुळे जन्मलेले गाव नव्हे. प्राचीन काळी ते पश्चिम किनाऱ्यावरचे नामवंत बंदर होते आणि तेथील व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे उल्लेख कान्हेरीच्या शिलालेखांत आजही वाचता येतात. १६५७ मध्ये छत्रपती शिवरायांनी कल्याण-भिवंडी स्वराज्यात आणले आणि कल्याणच्या खाडीत मराठ्यांच्या आरमाराची मुहूर्तमेढ रोवली. ज्या गावाने राज्याला समुद्र दाखवला, ते गाव स्वतःच्या बळावर उभे होते. त्याला स्वतःचे बंदर, स्वतःची बाजारपेठ आणि स्वतःचे कारागीर होते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत आले. इंग्रजांनी रूळ टाकले ते आपला माल बंदरापर्यंत नेण्यासाठी. त्याच रुळांवरून मालाबरोबर माणसेही नेली गेली, एवढेच. गिरगाव-दादरच्या चाळींत जागा अपुरी पडू लागली, तसा मराठी मध्यमवर्ग डोंबिवलीला सरकला. फाळणीने निर्वासित झालेले सिंधी बांधव कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आले आणि १९४९ मध्ये उल्हासनगर उभे राहिले. कारखान्यांमागून कामगार आले, बँकांमागून दाक्षिणात्य कारकून आले, व्यापारामागून कच्छी-गुजराती आले. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ मध्ये स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेपर्यंत तिच्या हद्दीतील लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात पोहोचली. युरोपातील कित्येक राजधान्यांपेक्षा मोठे असे हे शहर आहे. तरीही नोकरी, न्यायालय, मंत्रालय, मोठे रुग्णालय यांपैकी कशासाठीही त्याला मुंबईकडेच तोंड करावे लागते.

हे अटळ होते काय? मुळीच नाही. साठच्या दशकातच चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची योजना मांडली होती. त्या योजनेचा गाभा घरे बांधणे हा नव्हता. सरकारी कचेऱ्या पलीकडे न्याव्यात, म्हणजे त्यांच्यामागून रोजगार जाईल आणि दक्षिण मुंबईवरचा भार हलका होईल, हा तो गाभा होता. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नवी मुंबई वसली, घरेही लाखोंनी झाली. मंत्रालय मात्र नरिमन पॉइंटच्या शेजारी जिथे होते तिथेच राहिले. उलट समुद्र बुजवून त्याच टोकाला आणखी मनोरे उभे केले गेले. पुढे वांद्रे-कुर्ला संकुल झाले, तेही मुंबईच्याच पोटात. राज्यकर्त्यांनी माणसांना बाहेर धाडले आणि काम आत ठेवले. मधल्या पन्नास किलोमीटरचा हिशेब प्रवाशाच्या माथी मारला.

तो हिशेब एकदा मांडून पाहावा. जाऊन-येऊन रोज तीन तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर नऊशे तास होतात. अहोरात्र मोजले तर ते ३७ दिवसांहून अधिक भरतात. तीस वर्षांच्या नोकरीत तीन वर्षांपेक्षा जास्त आयुष्य एका पायावर उभे राहून सरते. या वर्षांची नुकसानभरपाई कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही.

वरोऱ्याचा कोळसा

ज्यांना हा केवळ मुंबईकरांचा प्रश्न वाटतो, त्यांनी वरोऱ्याचा इतिहास आठवावा. १८७० च्या दशकात वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण सुरू झाली आणि केवळ तिच्यासाठी वर्ध्याहून रूळ टाकले गेले. गावात देशोदेशीचे मजूर आले, वस्ती वाढली, बाजार फुलला. १९०६ मध्ये खाण बंद पडली. ज्यांच्या गरजेसाठी हा पसारा उभारला होता, ते आपला हिशेब पूर्ण करून निघून गेले. गावाच्या वाट्याला पोखरलेली जमीन उरली. दुसऱ्याच्या गरजेसाठी वसवलेल्या गावाची किंमत ती गरज संपेपर्यंतच असते, हा धडा चंद्रपूर जिल्ह्याने सव्वाशे वर्षांपूर्वीच गिरवला आहे.

आजही चित्र फारसे पालटलेले नाही. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. वीज राज्यभर जाते, राख आणि धूळ इथे राहते. विजेच्या पाठोपाठ माणसेही जातात. वरोरा, भद्रावती, चिमूर या भागांतील पदवीधर तरुण नागपूर किंवा वर्धा गाठून मुंबई-पुण्याची गाडी पकडतो. मुंबईत घर परवडत नाही, म्हणून तो दिवा, डोंबिवली, कल्याण, टिटवाळा इथे खोली घेतो. आई-वडिलांना तो 'मुंबईला' असल्याचे सांगतो. प्रत्यक्षात तो मुंबईत असतो केवळ कचेरीच्या आठ तासांपुरता आणि डोंबिवलीत असतो केवळ झोपेपुरता. गाव सुटलेले असते आणि शहर मिळालेले नसते. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलाकाठच्या गावांतून आणि कोकणच्या वाड्यांतून होणारे हे स्थलांतर एकाच धोरणाची दोन टोके आहेत. सगळे काम एका बेटावर आणि सगळा महाराष्ट्र त्या बेटाच्या दिशेने धावणारा, हे ते धोरण.

यावर एक युक्तिवाद ठरलेला असतो. कोणी बळजबरी करीत नाही, माणसे स्वखुशीने येतात, त्यांना संधी मिळते, मग तक्रार कसली? संधी मिळते हे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. तथापि ज्याच्यापुढे एकच दार उघडे ठेवले आहे, तो त्या दाराने गेला तर त्याला निवड म्हणत नाहीत. करोनाच्या काळात सामान्य प्रवाशांना लोकल महिनोन्महिने बंद होती. अनेक कंपन्यांचे काम त्या काळात घरून चालले आणि कंपन्या बुडाल्या नाहीत. म्हणजे रोजची ही फरफट कामाच्या गरजेपोटी होत नाही, सवयीपोटी होते, हे सिद्ध झाले. तरीही साथ ओसरताच सर्वांना पुन्हा त्याच ठरावीक वेळेच्या गाडीत कोंबण्यात आले. मध्य रेल्वेने २०२५ मध्ये शेकडो आस्थापनांना पत्रे पाठवून कामाच्या वेळा बदलण्याची विनंती केली. विनंतीला आपल्याकडे किती किंमत असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

एका डब्यातली माणसे म्हणजे समाज नव्हे

या शहरांच्या विविधतेचे गोडवे गाणारा एक वर्ग आहे. लोकलचा डबा म्हणजे लघुभारत, तिथे जात-भाषा-प्रांत सारे विरघळते, असे तो लिहीत असतो. त्यात सत्याचा अंश अवश्य आहे. डब्यांत भजनी मंडळे आहेत, दसऱ्याला गाडीला तोरणे बांधून पूजा करण्याची प्रथा आहे, वर्षानुवर्षे एकाच डब्यातून प्रवास करणाऱ्यांची घरच्यासारखी नाती आहेत. परंतु गर्दी हा एकोपा नव्हे. २ जानेवारी २०१५ रोजी दिव्यात संतप्त प्रवाशांनी रेल्वे रोखली, दगडफेक आणि जाळपोळ झाली. कारण क्षुल्लक नव्हते. रोजच्या उशिराचा आणि गाडीत पायही ठेवता न येण्याचा तो साचलेला संताप होता. आधीच्या स्थानकावरचा प्रवासी दार अडवतो, पुढच्या स्थानकावरचा शिव्या देतो. ज्याने वेळेवर गाडी दिली नाही, तो दोघांच्याही नजरेपुढे नसतो. शेजारी मात्र हाताशी असतो.

भाषेच्या वादाचेही तेच झाले. २०२५ मध्ये शाळेतील तिसऱ्या भाषेवरून राज्यात वादळ उठले, शासनाने जूनअखेरीस आपले निर्णय मागे घेतले आणि त्यानंतरही रस्त्यांवर, दुकानांत, डब्यांत भाषेवरून बाचाबाची होत राहिली. महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकलीच पाहिजे, यात वादाला जागा नाही. ज्या भूमीचे अन्न खायचे तिची भाषा न शिकणे हा उद्दामपणा आहे. पण थप्पड मारून कोणाला भाषा आलेली नाही. पहाटे पाचला घर सोडून रात्री नऊला परतणारा उत्तर भारतीय रंगारी मराठी कुठे आणि कधी शिकणार, याची व्यवस्था करण्याऐवजी त्याच्या कानशिलात लगावणे सोपे असते आणि त्याचे चित्रणही करता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद ज्यांना खरोखर झाला असेल, त्यांनी आपापल्या गृहसंकुलात आठवड्यातून दोन तास मराठीचा वर्ग चालवून दाखवावा. दुसऱ्या बाजूने, विशिष्ट भाषेच्या किंवा विशिष्ट आहाराच्या कुटुंबांनाच घरे देणाऱ्या इमारती उभारायच्या आणि वर विविधतेची स्तोत्रे गायची, हेही ढोंग आहे. त्या ढोंगावर मात्र हे गोडवे गाणारे ब्रही काढीत नाहीत.

डोंबिवलीने काय कमावले, काय गमावले

प्रवाशांच्या शहरात समाज उभा राहू शकतो, हे एकेकाळी डोंबिवलीनेच सिद्ध केले होते. तिथल्या श्री गणेश मंदिराला शंभर वर्षांची परंपरा आहे. १९७० मध्ये सामान्य पगारदारांच्या ठेवींवर डोंबिवली नागरी सहकारी बँक उभी राहिली. नागपुरात 'आदेश' चालवणारे पु. भा. भावे पुढे डोंबिवलीकर झाले, शं. ना. नवरे तर डोंबिवलीचेच म्हणून ओळखले गेले. १९९९ च्या गुढीपाडव्याला तिथल्या गणेश मंदिराच्या पुढाकाराने नववर्ष स्वागतयात्रा निघाली आणि पाहता पाहता ती प्रथा ठाणे, गिरगावपासून अवघ्या महाराष्ट्रात पसरली. त्या यात्रेत मराठी, गुजराती, तामिळ, मल्याळी मंडळी आपापल्या वेषात एकत्र चालतात. हे कोणत्याही शासकीय परिपत्रकाने घडले नाही. दिवसभराच्या प्रवासाने शिणलेल्या माणसांनी रात्रीच्या बैठका घेऊन ते घडवले.

ही पुण्याई आता ओसरते आहे, हे मान्य करावे लागेल. २०१७ मध्ये डोंबिवलीत नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष नागपूरचे अक्षयकुमार काळे, नगरीला नाव भावे यांचे. तरी मंडपातील रिकाम्या खुर्च्यांचीच चर्चा अधिक झाली. डोंबिवलीकर असंस्कृत झाला, असा निष्कर्ष काहींनी काढला. तो अन्यायकारक आहे. रात्री नऊला घरी पोहोचणाऱ्या माणसाला परिसंवादाला कसे येता येईल? संस्कृतीला आधी फुरसत लागते.

नागरिकत्वाचेही तसेच आहे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत कल्याण मतदारसंघात निम्म्याहून कमी मतदारांनी मतदान केले. नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली ती थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली पाच वर्षे एवढ्या मोठ्या शहराला एकही लोकनियुक्त नगरसेवक नव्हता. एखाद्या खेड्यात पाच वर्षे सरपंच नसता तर ग्रामस्थांनी तहसील कचेरी दणाणून सोडली असती. इथे फारशी खळबळ उडाली नाही, कारण शहराचा कर्ता माणूस दिवसा शहरात नसतोच.

मालक घरी नसला की घरात काय होते, ते सांगायला नको. २७ गावे १९८३ मध्ये महापालिकेत घेतली, २००२ मध्ये वगळली, २०१५ मध्ये पुन्हा घेतली. या ओढाताणीत तिथे अनधिकृत इमारतींचे रान माजले. खोट्या कागदपत्रांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवून बांधलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाला द्यावा लागला. आयुष्याची पुंजी ओतून घर घेतलेली कुटुंबे उद्ध्वस्ततेच्या छायेत आली. कागदावर शिक्के मारणारे मात्र बेघर होणार नाहीत. औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये स्फोट होऊन बारा जणांचा बळी गेला. त्यानंतर धोकादायक कारखाने हलवण्याची भाषा झाली. २०२० मध्ये रसायनांमुळे रस्ता गुलाबी झाल्यावर तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी येऊन पाहणी केली. मे २०२४ मध्ये पुन्हा भीषण स्फोट झाला आणि पुन्हा माणसे गेली. दोन स्फोटांमध्ये आठ वर्षे होती. आठ वर्षांत एखाद्या जागृत नगराने सरकारची झोप उडवली असती.

आनंदवनाचा धडा

मग यावर उपाय काय? तो शोधायला परदेशी नगररचनाकारांकडे जाण्याची गरज नाही. ज्या वरोऱ्याला खाण सोडून गेली, त्याच वरोऱ्याच्या वेशीवर १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचा प्रारंभ झाला. सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, चौदा रुपये आणि खडकाळ माळ, एवढेच भांडवल होते. जमलेली माणसे नाना जातींची, नाना भाषांची, आणि घरादाराने टाकलेली. त्यांना जोडण्यासाठी बाबांनी विविधतेवर व्याख्याने दिली नाहीत. त्यांच्या हाती कुदळ दिली, विहीर खणून घेतली, शेत पिकवून घेतले. दान माणसाला लाचार करते आणि काम त्याला उभे करते, ही त्यांची धारणा होती. बाबांच्या सर्वच मतांशी सर्वांचे जुळले असे नाही. पण या एका गोष्टीवर दुमत होऊ शकत नाही. आरंभी ज्या वरोऱ्याचे लोक आनंदवनाची भाजी विकत घ्यायला कचरत होते, त्याच वरोऱ्याची मुले पुढे आनंदवनाच्या भूमीवरील आनंद निकेतन महाविद्यालयात शिकू लागली. टाकलेल्यांनी टाकणाऱ्यांच्या मुलांसाठी ज्ञानमंदिर उभारले. समरसता याहून वेगळी काय असते?

वरोऱ्याचे हे दोन इतिहास शेजारी ठेवून पाहावेत. खाणीनेही नाना प्रांतांची माणसे एकत्र आणली आणि आनंदवनानेही. खाणीने त्यांचा वापर केला, म्हणून ती बंद पडताच माणसे पांगली. आनंदवनाने त्यांना आपल्या भूमीचे धनी केले, म्हणून ते आजही उभे आहे. डोंबिवली, कल्याण, बदलापूर, वसई-विरार या शहरांपुढे हेच दोन मार्ग आहेत.

म्हणून मागणी केवळ जादा गाड्यांची करून भागणार नाही. शासनाने आपल्या कचेऱ्या प्रथम हलवाव्यात. कल्याण विकास केंद्राची घोषणा होऊन कित्येक वर्षे लोटली. तिथे आणखी निवासी मनोरे नकोत, कामाच्या जागा हव्यात. वेळा बदलण्याची विनंती पुरे झाली, आता नियम करावा. नागपूर-चंद्रपूरच्या मातीतून वीज आणि कोळसा नेणाऱ्यांनी त्या मातीतील तरुणाला तिथेच काम मिळेल असे उद्योग आणावेत. त्याचबरोबर समाजानेही आपला वाटा उचलावा. जानेवारीत निवडून आलेल्या नगरसेवकाला प्रत्येक प्रभागाने महिन्यातून एका रविवारी लोकांसमोर उभे करून हिशेब मागावा. गृहसंकुलाच्या गच्चीवर केवळ वाढदिवस नकोत; मराठीचे वर्ग भरावेत, अभ्यासिका चालाव्यात, शेजारच्या वस्तीतील मुलांना तिथे स्थान असावे. स्वागतयात्रेत वर्षातून एक दिवस एकत्र चालणाऱ्यांनी उरलेल्या दिवसांतही एकमेकांच्या दाराची घंटा वाजवावी.

वखारीत माल ठेवतात. तो कुठून आला, कुठे जाणार, याची त्याला विचारणा नसते. माणसे वखारीत राहू लागली की शहराला मालक उरत नाही आणि राष्ट्राला नागरिक उरत नाही. मुंब्र्याच्या वळणावर जे पडले, त्यांना श्रद्धांजली वाहायची असेल तर मेणबत्त्यांनी काही साधणार नाही. ज्या शहरात आपण झोपतो त्या शहरात जागे राहण्याचा निश्चय लाखो घरांनी करावा लागेल. तो निश्चय झाला, तर मंत्रालयही हलेल आणि रूळही मोकळे होतील.